तिकोना: तासाभराची चढण, खाली पवनेचं पाणी

लोणावळ्याची गर्दी लोणावळ्यालाच राहू दे, आपण आज त्याच्या अलीकडे कामशेतला आत वळतोय. कामशेतहून काले कॉलनी, जिचं कागदोपत्री नाव पवनानगर, आणि तिथून पुढे तिकोना पेठ. पुण्याहून सकाळी लवकर निघालात तर दीड-दोन तासांत गाडी गडाच्या पायथ्याला लागते. समोर जो त्रिकोणी सुळक्यासारखा डोंगर दिसतोय ना, तोच तिकोना, उर्फ वितंडगड. उंची समुद्रसपाटीपासून साधारण साडेतीन हजार फूट, पण घाबरू नका, आपली सुरुवातच बऱ्यापैकी उंचावरून होते, त्यामुळे प्रत्यक्ष चढायचं ते तासाभराचंच. आजी-आजोबा, शाळकरी पोरं, पहिल्यांदाच ट्रेकिंगचे शूज घेतलेले आयटीवाले, सगळे इथे येतात आणि बहुतेक सगळे वरपर्यंत पोचतात.

सुरुवातीची वाट सोपीये. दोन्ही बाजूंना कारवीची झुडपं, मधूनच उघडी धार, पावसाळ्यात इथे असं धुकं असतं की पुढचा माणूस दिसत नाही आणि सप्टेंबरमध्ये सोनकी फुलली की सगळा उतार पिवळाधमक होतो. डाव्या-उजव्या हाताला पाणी मधून मधून डोकावतं पण अजून सगळा पसारा दिसत नाही, आणि ते बरंच आहे, कारण वाटेत थांबून बघण्यासारखं बरंच काही आहे.

हा मारुती बघा. चपेटदान मारुती. नेहमीचा हात जोडलेला दास मारुती नाही हा, याचा हात उगारलेला आहे, चापट मारायला, आणि पायाखाली पनवती नावाची राक्षसी दाबलेली. शेंदराच्या थरांमुळे नाक-डोळे पुसट झालेत पण आवेश काही लपत नाही. गडाच्या दारात राखणीला असलाच मारुती पाहिजे!

थोडं पुढे आलं की चुन्याचा घाणा. जमिनीत गोल चर खोदलेली आणि त्यात उभं दगडी चाक. बैल जुंपून हे चाक या चरीतून फिरवायचे आणि खाली चुना मळला जायचा, वरची तटबंदी, बुरूज ज्याने बांधले तो हाच चुना. बरेच जण या चाकावर बसून फोटो काढतात आणि पुढे जातात. बसू नका, प्लीज. चरीच्या कडा जरा वाकून बघा, दगड घासून घासून किती गुळगुळीत झालाय ते.

तुळजाईचं लेणं त्याच टप्प्यावर आहे. कातळात खोदलेलं, समोर पाण्याचं टाकं. म्हणजे किल्ला होण्याआधीपासून इथे माणसांची ये-जा होती, आणि ते साहजिकच आहे, कारण जवळच बेडसे, पलीकडे भाजे, कार्ले, कोकणातल्या बंदरांकडून घाटावर येणाऱ्या जुन्या व्यापारी वाटा याच मुलखातून जायच्या. जिथे वाट तिथे लेणं, आणि नंतर तिथेच किल्ला.

आता खरी चढण. बालेकिल्ल्याच्या पायऱ्या. कातळात कोरलेल्या, अरुंद, आणि काही काही तर गुडघ्याएवढ्या उंच. आधाराला दोर आहेत पण सुट्टीच्या दिवशी वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकाच वेळी त्याच दोराला लटकतात आणि मग ट्रॅफिक जाम होतो, पुण्याचा म्हणून हिणवायला नको, मुंबईकरही असतात त्यात. पायऱ्या अशा मुद्दाम केल्यात. चिलखत घातलेला, हातात ढाल-तलवार असलेला शत्रू इथपर्यंत आलाच तर तो धापा टाकत, एकेकटा वर यावा आणि वरच्या बुरुजावरच्या मावळ्याने त्याचं स्वागत करावं.

आणि हा माथा. त्र्यंबकेश्वर महादेवाचं छोटंसं देऊळ, जवळच खोदलेली पाण्याची टाकी, भगवा, आणि हे समोर पवनेचं पाणी.

जरा वेळ काही बोलत नाही, बघून घ्या.

आता ओळख करून देतो. पाण्यावर ताठ उभा आहे तो तुंग. तिकडे लांब शेपटीसारखी माची पसरलीये तो लोहगड, आणि त्याला खेटून सपाट माथ्याचा विसापूर. चार किल्ले, एका खोऱ्याभोवती. १६५७ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी हा सगळा मुलूख स्वराज्यात आणला, १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात जे २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यात हे चारही होते, पुढे परत घेतले. मोगलांचे सेनापती मिर्झाराजे जयसिंग यांच्या फौजांनी त्या वर्षी गडांच्या आसपासची गावं जाळली होती. किल्ला हाती लागत नाही तर किल्ल्याला पोसणारं खोरं उद्ध्वस्त करा, असा तो हिशोब.

पण गंमत म्हणजे, यातला कुठलाही किल्लेदार हे दृश्य बघून गेलेला नाही. खाली तेव्हा तलाव नव्हताच! पवना नदी होती, भातखाचरं होती, गावं होती, आणि चारही किल्ले त्यांच्यावर नजर ठेवून होते. आपण ज्याला पवना लेक म्हणतो ते धरणाचं पाणी आहे, १९७० च्या दशकातलं. साडेआठ टीएमसीच्या, म्हणजे साडेआठ अब्ज घनफुटांच्या आसपास साठा. धरणातून सोडलेलं पाणी नदीतूनच वाहत जातं आणि रावेतला बंधाऱ्यावर उचलून पिंपरी-चिंचवडच्या नळाला येतं. म्हणजे इथे सेल्फी काढणाऱ्यांतले कित्येक जण सकाळी याच पाण्याने आंघोळ करून आलेले असतात.

शिळिंबजवळ वाघेश्वराचं जुनं दगडी देऊळ आहे, धरण झालं तसं ते पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं की ते वर येतं, लोक चिखल तुडवत दर्शनाला जातात, आणि पाऊस लागला की देव परत पाण्यात. देवाचं निदान दरवर्षी घर दिसतं तरी. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न कित्येक दशकं रखडला. त्यात बंद पाइपलाइनचा वाद. पाणी धरणातून थेट पाइपने शहराला न्यायचं ठरलं, तर नदीकाठच्या शेतकऱ्यांचं म्हणणं की मग नदीत पाणी राहणार कसं आणि आमच्या मोटारी चालणार कशावर. ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ एक्सप्रेसवेवर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला, तीन शेतकरी गेले. पुण्याहून पुढे मुंबईकडे जाताना आपण सगळे त्या जागेवरून शंभरच्या स्पीडने जातो.

काठावर ते रंगीत ठिपके दिसतायत ते कॅम्पिंगचे तंबू. शनिवारी रात्री तिथे स्पीकर, बार्बेक्यू, सगळं असतं, आणि स्थानिक पोरांना त्यातून रोजगार मिळतो हेही खरंय, त्यामुळे नुसती नाकं मुरडून चालणार नाही. फक्त पाण्यात उतरू नका. वरून कितीही शांत दिसलं तरी खाली बुडालेला डोंगरउतारच आहे तो, चार पावलं घोट्याएवढं आणि पाचव्या पावलाला पाय टेकत नाही, त्यात चिखल. दर मोसमात बुडाल्याच्या बातम्या येतात आणि बहुतेकदा पोहायला येत नसलेली तरुण पोरंच असतात.

उतरताना त्या पायऱ्यांवर तोंड खडकाकडे करून, शिडी उतरतो तसं उतरा, वेळ लागला तरी चालेल. पावसात तर नक्कीच. आणि पेठेत उतरल्यावर पिठलं-भाकरी हवी असेल तर चढायच्या आधीच सांगून ठेवा, चुलीवरची आहे, आल्या आल्या मिळत नाही.