कोड खुला, फोन कुलूपबंद

नमस्कार. पुढच्या रांगांत इंजिनिअरिंगची मुलं बसलीत आणि मागे भिंतीला टेकून आपल्या कोल्हापूरच्या राजारामपुरी, लक्ष्मीपुरीतली मोबाइल दुरुस्तीवाली मंडळी उभी आहेत. मागच्यांनी पुढं या, खुर्च्या रिकाम्या आहेत. आज मी जे सांगणार आहे त्यातलं निम्मं तुमच्या काउंटरवर रोज येतं.

सुरुवात माझ्या आत्यापासून करतो. आत्या कसबा बावड्यात राहते. गेल्या दिवाळीत आतेभावानं तिला परदेशातून आलेला एक जुना फोन घेऊन दिला. मोठी स्क्रीन, झकास कॅमेरा आणि किंमत नव्याच्या पाव. चालू केला की आधी तिकडच्या एका नेटवर्क कंपनीचा शिक्का झळकायचा, मग पुढचं सगळं. आठ दिवसांत आत्याचा निरोप आला, "अरं, व्हॉट्सॲपवरनं सगळ्यांशी बोलतोय मी, साधा फोन तेवढा लागंना झालाय. टॉवर तर दिसतोय फुल्ल."

आत्यानं एका वाक्यात सगळा आजार सांगितला होता. तिचं कार्ड जिओचं. जिओचं नेटवर्क सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झालं तेच फोरजीवर, त्याच्या खाली टूजी-थ्रीजीचा आधार नाही. म्हणजे साधा कॉलसुद्धा फोरजीच्या डेटाच्याच वाटेनं जातो, त्याला व्होल्टी म्हणतात. फोनमध्ये त्या नेटवर्कसाठी व्होल्टीची सेटिंग भरलेली नसेल तर नेट चालतं, पण कॉल लागत नाही. आत्याच्या फोनला व्होल्टी येत होतं, पण सेटिंग भरलेली होती ती फक्त शिक्केवाल्या कंपनीची. अपडेट बघितलं तर ‘तुमचा फोन अद्ययावत आहे’ असं लिहून यायचं, आणि त्याच्याच खाली सिक्युरिटी पॅचची, म्हणजे सुरक्षेच्या शेवटच्या दुरुस्तीची, तारीख तीन वर्षांपूर्वीची.

मला वाटलं, सोपं काम आहे. याच मॉडेलचा खुल्या बाजारात विकला गेलेला जुळा भाऊ आहे. काच तीच, प्रोसेसर तोच, फरक मॉडेल नंबरच्या शेवटच्या एका अक्षराचा. त्या जुळ्यासाठी लिनिएजओएस, म्हणजे स्वयंसेवकांनी बनवलेलं अँड्रॉइड, मिळत होतं. सेटिंगमध्ये गेलो, बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं, डेव्हलपर ऑप्शन्स उघडले. ‘ओईएम अनलॉकिंग’चा, म्हणजे फोनमध्ये दुसरं सॉफ्टवेअर घालायला वाट मोकळी करणारा, स्विच राखाडी होता. बोट ठेवलं तर हलेना. कार्ड काढून पाहिलं, वायफायवर पाहिलं, सगळं पुसून रीसेट मारून पाहिलं. तो राखाडी तो राखाडीच.

इथं दोन कुलपांचा घोळ होतो, दुकानातसुद्धा होतो. पहिलं सिम लॉक. नेटवर्क कंपनी हप्त्यावर किंवा सवलतीत फोन देते, म्हणून दुसऱ्याचं कार्ड चालू देत नाही. हे कोडनं निघतं. अमेरिकेत २०१४ साली कायदा झाला आणि ग्राहकानं ते काढून घेणं तिथं रीतसर झालं. दुसरं कुलूप बूटलोडरचं. फोन चालू होताना जो पहिला प्रोग्रॅम जागा होतो तो पुढच्या सॉफ्टवेअरवर सही कोणाची आहे ते तपासतो, आणि सही ओळखीची नसेल तर दारातनंच परत पाठवतो. चोरापासून संरक्षण म्हणून ही सोय उत्तम आहे, माझं त्यावर काही म्हणणं नाही. किल्ली मालकाकडं असावी एवढंच म्हणणं आहे. सिम लॉकच्या त्या कायद्यात बूटलोडर येत नाही. हप्ते फिटले, फोन दोनदा विकला गेला, समुद्र ओलांडून बावड्यात आला, तरी किल्ली तिकडंच.

आता गंमत बघा. आत धावणारं अँड्रॉइड कुणाच्या मालकीचं आहे? पहिला अँड्रॉइड फोन २००८ मध्ये आला, एचटीसीनं बनवलेला आणि टी-मोबाइलनं विकलेला जी-वन. म्हणजे अँड्रॉइड जन्मालाच एका नेटवर्क कंपनीच्या दुकानात आलं. पण त्याच्या पोटात लिनक्सचा कर्नल, म्हणजे सॉफ्टवेअरचा गाभा, होता, आणि त्याचा परवाना जीपीएल. हा परवाना सांगतो की तुम्ही हे सॉफ्टवेअर लोकांच्या हातात दिलंत, तर त्याचा सोर्स, म्हणजे मूळ कोडही मागणाऱ्याला द्या. त्या कर्नलच्या आणि गूगलनं खुल्या केलेल्या अँड्रॉइडच्या कोडच्या जोरावर स्टीव्ह काँडिक या प्रोग्रॅमरनी २००९ मध्ये सायनोजेनमॉड ही अँड्रॉइडची वेगळी आवृत्ती सुरू केली. कंपनी जे अपडेट देत नव्हती ते लोक एकमेकांना देऊ लागले.

त्यातली एक हकिगत आपल्या देशातली आहे. सायनोजेनची पुढं कंपनी झाली आणि तिनं भारतापुरता एकाच ब्रँडशी करार केला, मायक्रोमॅक्सच्या यू-शी. त्याच सुमारास वनप्लस वन भारतात आला, त्यातही सायनोजेनच होतं. डिसेंबर २०१४ मध्ये प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं. फोन घेतलेल्यांच्या पोटात गोळा आला की आता अपडेटचं काय? पण त्या फोनचा बूटलोडर मालकाला उघडता येत होता. कंपन्या भांडल्या, २०१६ च्या शेवटी सायनोजेनचं काम बंदही पडलं, आणि त्याच कोडमधून स्वयंसेवकांनी लिनिएजओएस उभं केलं. अँड्रॉइड ४.४ घेऊन आलेला तो वनप्लस वन या लोकांनी अँड्रॉइड ११ पर्यंत नेला. कोर्ट नाही, करार नाही, दार उघडं होतं म्हणून.

याच्या शेजारी गॅलेक्सी एस-थ्री ठेवा, २०१२ चा. अमेरिकेत चार मोठ्या नेटवर्क कंपन्यांनी तो विकला, आणि सायनोजेनमॉडमध्ये त्याची चार नावं झाली: डीटू-एटीटी, डीटू-टीएमओ, डीटू-व्हीझेडडब्ल्यू, डीटू-एसपीआर. एकाच फोनचे चार संसार. व्हेरायझनच्या फोनचा बूटलोडर बंद करूनच बाजारात आणलेला. स्वयंसेवकांचे तास नवं काही करण्याऐवजी कुलूप शोधण्यात आणि चार ठिकाणी तेच काम करण्यात गेले. गूगलचा स्वतःचा पिक्सेलसुद्धा गूगलकडून घेतला तर उघडतो, व्हेरायझनकडून घेतला तर नाही. कोड तोच, फोन तोच, दुकान वेगळं.

नेटवर्क कंपन्यांची बाजूही सांगायला हवी. कोणताही अपडेट आधी गूगलकडून निघतो, चिप बनवणाऱ्याकडं जातो, मग फोन कंपनीकडं, आणि कंपनीच्या शिक्क्याचा फोन असेल तर शेवटी नेटवर्क कंपनीच्या तपासणीत. अडीअडचणीत आपत्कालीन कॉल लागलाच पाहिजे, म्हणून तपासणी करतात. ती करावीच. पण तपासणी बंद झाली, अपडेट बंद झाले, त्या मॉडेलकडं बघणारा माणूस कंपनीत उरला नाही, त्यानंतर कुलूप कशासाठी? या प्रश्नाचं पटेल असं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

आपल्याकडं हे नवं आहे असं समजू नका. २००३ मध्ये रिलायन्सचे ५०१ रुपयांत मिळणारे फोन आठवतात का? त्यात कार्डच नसायचं, नंबर हँडसेटमध्येच भरलेला. नेटवर्क बदललं की फोन अडगळीत. २०१७ चा जिओफोन तसाच, एकाच कार्डाचा. त्यातलं कायओएस कुठून आलं? मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसमधून. ते तर सगळं खुलं होतं. खुल्या रोपाचं कलम करून ते बंद कुंडीत लावलं.

मी स्वतः चार वर्षं एका फोनचा मेंटेनर, म्हणजे त्याचं असं खुलं सॉफ्टवेअर सांभाळणारा, होतो, म्हणून हे काम जवळून सांगतो. कंपनी कर्नलचा सोर्स देते, पण कॅमेरा, मोडेम, फिंगरप्रिंट यांच्या फायली बंद डब्यासारख्या असतात, आम्ही त्यांना ब्लॉब म्हणतो. कंपनीच्या जुन्या सॉफ्टवेअरमधून त्या जशाच्या तशा उचलायच्या आणि नव्या अँड्रॉइडशी जुळवायच्या. रात्री बिल्ड, म्हणजे कोडपासून सॉफ्टवेअर तयार करायचं काम, लावून झोपायचं, सकाळी उठून एरर बघायची. बिल्ड झालं की चार वेगवेगळी कार्डं घालून कॉल लावायचा. एका महिन्यात जिओवर कॉल लागायचा, पण समोरच्याचा आवाज ऐकू यायचा नाही. तीन आठवडे मी रोज संध्याकाळी रंकाळ्यावर बसून भावाला फोन लावत होतो, "ऐकू येतंय का?" शेवटी चूक सापडली, आवाजाच्या वाटेच्या फायलीत एक ओळ चुकली होती. ती दुरुस्त केल्यावर ओडिशातल्या एका मुलानं लिहिलं, माझ्याही फोनवर आवाज आला. मी त्याला कधी पाहिलेलं नाही. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांत मी तो दिवस धरतो.

ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा हातानं घडवला, ज्या उद्यमनगरात ऑइल इंजिनचा कुठलाही पार्ट नमुना बघून लेथवर काढून देतात, त्या गावाला हे समजावून सांगायला नको. इंजिन विकणाऱ्यानं प्रत्येक नट-बोल्टावर सही मागितली असती तर उद्यमनगर उभंच राहिलं नसतं.

आता एक अडचण, ती लपवणार नाही. बूटलोडर उघडलेल्या फोनवर काही बँकांची ॲप्स चालत नाहीत. ॲप गूगलला विचारतं, हा फोन भरवशाचा आहे का, आणि उत्तर नकारार्थी आलं की ॲप बंद. आज भाजीवालीसुद्धा यूपीआयवर पैसे घेते, तेव्हा ही लहान गोष्ट नाही. तीन वर्षं पॅच न मिळालेला कुलूपबंद फोन इथं भरवशाचा ठरतो आणि याच महिन्याचा पॅच असलेला खुला फोन संशयित ठरतो, हे मला मनापासून चुकीचं वाटतं. पण ज्याचा धंदा एकाच फोनवर चालतो त्याला मी कस्टम रॉम, म्हणजे लिनिएजओएससारखं बाहेरचं सॉफ्टवेअर, टाक म्हणून सांगत नाही.

युरोपात जून २०२५ पासून नियम आला आहे. त्या मॉडेलची विक्री थांबल्यापासून किमान पाच वर्षं अपडेट द्यायचे. आपल्याकडं असं काही होईपर्यंत दुकानात उभं राहून पाच मिनिटं घालवा. फोन बंद करून चालू करा, कुठला शिक्का येतो बघा. मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरासकट लिहून घ्या. पॅचची तारीख बघा. तुमचंच कार्ड घाला आणि साधा कॉल लावा, व्हॉट्सॲपवरनं नको. मग बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करून तो स्विच हलतो का बघा. दुरुस्तीवाल्यांना विनंती आहे, काउंटरवर जुना फोन विकताना हे गिऱ्हाइकाला तुम्हीच दाखवा.

आत्याला आम्ही दुसरा फोन घेऊन दिला. तो जुना माझ्या टेबलावर आहे, स्विच अजून राखाडी.

बाहेर दोन टेबलं मांडली आहेत, केबल आणि लॅपटॉप आहेत. ज्यांनी फोन आणलेत त्यांनी रांगेत या. आधी फोटो आणि नंबर दुसरीकडं उतरवून घ्या, कारण बूटलोडर उघडताना फोन पूर्ण पुसला जातो. कॉपी झालेली दाखवल्याशिवाय मी कुणाच्याही फोनला हात लावणार नाही.