तुकोबांच्या पुलावरून आलेले रेव्हरंड टिळक

नमस्कार मंडळी!

‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता शाळेत शिकलात ना? जखमी झालेली, तरी पिलांसाठी घरट्याकडे धडपडत निघालेली ती पक्षीण? ती लिहिणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांचीच गाणी आपल्या कोल्हापुरातल्या मराठी चर्चमध्ये रविवारच्या भक्तीला म्हटली जातात. कवितेचा कवी आणि चर्चच्या गाण्यांचा कवी एकच, हे पुष्कळांच्या गावीही नसतं. मला त्याची खंत वाटते, म्हणून आजचा हा व्हिडिओ.

टिळक कोकणातल्या करजगावचे, चित्पावन ब्राह्मण. रेल्वेच्या प्रवासात एका परदेशी सहप्रवाशानं त्यांना बायबलमधला नवा करार वाचायला दिला. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घर दुभंगलं. पत्नी लक्ष्मीबाईंची त्या काळातली तगमग ‘स्मृतिचित्रे’त वाचा, मी इथे दोन वाक्यांत सांगून ती उरकणार नाही.

आता मुद्द्याचं. कोल्हापुरात रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 मध्येच आले होते. त्या पिढीत मराठी मंडळ्या, म्हणजे चर्चमधली भाविक माणसं, जी गीतं गात, त्यातली बरीचशी इंग्रजी गीतांची भाषांतरं, चालीही तिकडच्याच. इंग्रजी गाणं चालतं शब्दांवरच्या आघातावर. मराठीत तसा आघात नाही. मग चालीत बसवायला एक अक्षर ताणा, दुसरं गिळा. गाणाऱ्याची जीभ अडखळायचीच.

आणि आपला अभंग बघा.

(स्क्रीनवर चार तुकडे, एकाखाली एक)

सुंदर ते ध्यान
उभे विटेवरी
कर कटावरी
ठेवोनिया

अक्षरं मोजा: सहा, सहा, सहा, चार. मधल्या दोन तुकड्यांचं यमक जुळतं, शेवटचा तुकडा आखूड, तिथे टाळाला जागा मिळते. आषाढीला नंदवाळच्या दिंडीत चाललेल्या आजीला हे कुणी शिकवलेलं नसतं, तिच्या तोंडात ते बसलेलंच असतं.

टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती याच साच्यात ओतली. अभंग, ओव्या, पदं लिहिली, कीर्तनं केली. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत, आणि गाणी ऐकली की ते पटतं. ‘पुष्कळ अजुनि उणा’ घ्या. प्रभू, मी अजून कितीतरी कमी आहे, एवढंच मागणं. एकही जड शब्द नाही. वारकऱ्यानं ऐकलं तरी परकं वाटणार नाही. माझ्या मते मराठी ख्रिस्ती माणसाला स्वतःच्या भाषेत देवाशी बोलायला टिळकांनी शिकवलं, आणि हे काम त्यांच्या धर्मांतरापेक्षाही मोठं आहे.

नगरच्या त्यांच्या घरात बालकवी ठोंबरे राहून गेले, तो वेगळ्या व्हिडिओचा विषय.

9 मे 1919 ला टिळक गेले. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य दहा-साडेदहा अध्यायांवर थांबलं होतं. पुढचे 64 अध्याय लिहिले लक्ष्मीबाईंनी! लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरं गिरवायला शिकलेली ही बाई.

तुमच्या मंडळीत टिळकांचं कोणतं गीत म्हणतात, आणि कुठल्या चालीवर? पेटी-तबल्यावर म्हणत असाल तर रेकॉर्ड करून पाठवा. पुढच्या भागात त्या चाली ऐकू.