कापडी लंगोट: आधी धुण्याची घडी बसवा

नमस्कार श्रोतेहो. बाळासाठी कापडी लंगोट वापरायचे ठरवलेत, किंवा ठरवायच्या विचारात आहात, तर पहिला आग्रह असा की चोवीस लंगोटांचा संच एकदम मागवू नका. पाच-सहा घ्या, तेही दोन वेगळ्या प्रकारचे. पंधरा दिवस ते वापरा, धुवा, वाळवा. या दिवसांत बाकीच्या वेळी वापरून टाकायचे डायपर चालू ठेवलेत तर काहीच बिघडत नाही. कापडी लंगोट मध्येच सोडून दिले जातात तेव्हा दोष लंगोटाचा क्वचित असतो. बहुतेक वेळा धुण्याची घडी बसलेली नसते. ती पाच लंगोटांवर बसली की वीसही जड जात नाहीत.

आता प्रकार. नावं कितीही असली तरी प्रत्येक लंगोटाला दोनच कामं असतात: शू शोषून घेणं आणि ती बाहेर येऊ न देणं. शोषायचं काम सुती, बांबूचं किंवा तत्सम कापड करतं. अडवायचं काम बाहेरचं आवरण करतं. हे आवरण पीयूएलचं, म्हणजे मागच्या बाजूला पॉलीयुरेथेनचा पातळ पापुद्रा चिकटवलेल्या कापडाचं असतं. पूर्वी त्या जागी रबरी चड्डी असायची आणि तिच्याखाली कातडी लाल व्हायची. अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन यांनी १९४६ मध्ये न्हाणीघराचा पडदा कापून शिवलेलं आवरण केलं, पुढे त्याला पिनांऐवजी टिचबटणं लावली आणि १९५१ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. आजच्या आवरणाची मूळ कल्पना तीच आहे.

ही दोन कामं सुटी ठेवली की झाला साधा चौकोनी लंगोट आणि वर आवरण. आवरणाला आतून खिसा करून त्यात शोषणारी घडी सरकवली की झाला खिशाचा लंगोट. सगळं एकत्र शिवलं की झाला अखंड लंगोट. अखंड लंगोट बांधायला सर्वांत सोपा आणि वाळायला सर्वांत सावकाश. साधा चौकोन याच्या नेमका उलट. त्याची घडी घालायला शिकावं लागतं, पण तो एकपदरी असल्यामुळे स्वच्छ धुतला जातो आणि झटकन वाळतो. कपडे हातानं धुणार असाल किंवा हवा दमट असेल, तर आमचं मत निःसंशय चौकोनाच्या बाजूनं. साधारण ७० सेंटिमीटरच्या चौकोनाची दोन्हीकडून अर्धी घडी घाला, म्हणजे ३५ सेंटिमीटरचा चौकोन होईल. त्याच्या तीन पट्ट्या एकावर एक दुमडा आणि ही जाड पट्टी आवरणात ठेवा. पिना नकोत, गाठी नकोत. मुलगा असेल तर पट्टीचं पुढचं टोक थोडं दुमडून तिथला जाडपणा वाढवा. मुलगी असेल तर जाडपणा मध्यभागी हवा.

शोषणाऱ्या कापडांचे स्वभावही निरनिराळे. सुती कापड टिकाऊ आणि सरळ. बांबूचं मऊ, जास्त शोषणारं, पण वाळायला वेळ घेणारं. हेंप, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्याचं कापड, भरपूर शोषतं, मात्र सावकाश. मायक्रोफायबर, म्हणजे अगदी बारीक कृत्रिम धाग्यांचं कापड, झटकन शोषतं, पण दाब पडला की पाणी सोडतं, म्हणून बाळ बसलं किंवा कुशीत घेतलं की गळती होते. शिवाय ते कातडीतली ओलही ओढतं. ते बाळाच्या अंगाला थेट लागू देऊ नका, वर सुती कापड किंवा खिशाचं अस्तर हवंच. मायक्रोफायबर वर आणि हेंप खाली अशी जोडी लावली तर एक धार अडवतं आणि दुसरं ती धरून ठेवतं. रात्रीसाठी हीच जोडी उपयोगी पडते.

आता संख्या. नवजात बाळाला दिवसाला दहा-बारा लंगोट लागतात, जरा मोठ्या बाळाला सहा ते आठ. दिवसाआड धुणार असाल तर नवजातासाठी वीस ते चोवीस, नंतर पंधरा ते अठरा पुरतात. आवरणं चार ते सहा पुरे. नुसती शू झाली असेल तर आवरण पुसून, हवा लागू देऊन पुन्हा वापरता येतं. शीचा डाग लागला किंवा वास आला की मात्र ते धुण्यात टाकायचं.

नवे लंगोट आणल्या आणल्या बाळाला बांधू नका. सुती आणि हेंप यांच्या धाग्यांत मुळातलं तेल असतं, ते निघेपर्यंत कापड पाणी घेत नाही. न विरंजलेलं, म्हणजे ब्लीच न केलेलं, सुती कापड आणि हेंप पाच-सहा धुण्यांनंतर खऱ्या अर्थानं शोषू लागतं, बांबू दोन-तीन धुण्यांत, मायक्रोफायबर एका धुण्यात. परीक्षा सोपी आहे: कापडावर चमचाभर पाणी ओता. थेंब वर गोल होऊन तरंगत राहिले तर आणखी धुवायला हवं.

बांधताना सगळं लक्ष जांघेकडे द्या. आवरणाचं इलॅस्टिक मांडीवर नको, चड्डीची कड बसते तिथे, जांघेच्या घडीत हवं. तिथे बसलं की मांडीपाशी फट राहत नाही. कमरेशी दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. शेवटी आवरणाच्या कडेवरून बोट फिरवा. आतल्या सुती कापडाचं बोटभर टोक जरी बाहेर राहिलं तरी ओल त्या टोकावाटे कपड्यांत उतरते आणि लोक म्हणतात लंगोट गळतो. नाळ गळून पडेपर्यंत लंगोटाची पुढची कड बेंबीच्या खाली दुमडा, नाळेला ओल आणि घासणं दोन्ही नकोत.

गळती झालीच तर लगेच नवा लंगोट घेऊ नका, आधी काढलेला चाचपून पाहा. आतली घडी पूर्ण भिजलेली असेल तर कापड कमी पडलं, एक पट्टी वाढवा किंवा लवकर बदला. एका बाजूला कोरडी आणि दुसरीकडे चिंब असेल तर घडी चुकीच्या जागी होती. घडी जवळजवळ कोरडी आणि बाळाचे कपडे ओले, तर दोनच शक्यता. एक म्हणजे जांघेशी फट. दुसरी म्हणजे कापडावर तेलकट थर बसल्यानं शू वरून घसरते आहे. हा थर कुठून येतो, ते धुण्यात कळेल.

धुणं नीट समजून घ्या, सगळा डोलारा त्यावर उभा आहे. वापरलेला लंगोट पाण्यात भिजत ठेवायचा नाही. पाण्यात दोन दिवस राहिला की इलॅस्टिक आणि पीयूएल खराब होतात, वास वाढतो, आणि रांगणाऱ्या बाळाच्या घरात पाण्यानं भरलेली बादली जिवावर बेतू शकते. कोरडी बादली किंवा जाळीची पिशवी घ्या, झाकण सैल ठेवा. हवा खेळती राहिली तर वास कमी येतो. दोन दिवसांवर थांबू नका, फार तर तीन. नुसत्या अंगावरच्या दुधावर असलेल्या बाळाची शी पाण्यात विरघळते, ती पहिल्या धुण्यात निघून जाते. वरचं अन्न सुरू झालं की शी आधी शौचकूपात टाकायची. त्यासाठी लंगोटावर फ्लीसचा, म्हणजे मऊ लवेच्या कृत्रिम कापडाचा, पातळ तुकडा अंथरून ठेवा, शी त्यावरून सहज सुटते आणि कातडीही कोरडी राहते.

यंत्रात धुताना दोन फेऱ्या हव्यात. पहिली छोटी फेरी गार पाण्याची, थोड्या पावडरीसह. गरम पाणी आधी घातलं तर शीतली प्रथिनं धाग्यात पक्की बसतात. दुसरी फेरी लांब, ४० ते ६० अंश सेल्सिअसची, पावडरीच्या पूर्ण मापासह. नवजाताचे लंगोट, आजारपण किंवा बुरशीचं पुरळ असेल तेव्हा ६० अंश ठेवा, त्याआधी लंगोटावरची चिठ्ठी पाहा. या फेरीत बाळाची झबली, लहान पंचे असे कपडे घालून यंत्राचा ढोल दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भरा. लंगोट एकमेकांवर घासले जाऊनच स्वच्छ होतात. ढोल अर्धा रिकामा असला की ते नुसते पाण्यात तरंगतात, ठासून भरला की हलतच नाहीत.

पावडर कमी घालणं ही सगळ्यांत जास्त दिसणारी चूक. बाळाची कातडी नाजूक म्हणून चिमूटभर पावडर घालतात, मग मळ कापडातच राहतो आणि कातडीला त्रास त्या मळाचा होतो. पूर्ण माप घाला आणि भरपूर खळबळा. पाणी जड असेल तर पावडर जास्त लागते किंवा सोबत धुण्याचा सोडा घालावा लागतो. साबणाची वडी मात्र टाळा. जड पाण्यात तिचा चिकट साका तयार होऊन कापडावर बसतो, आणि मघाशी सांगितलेला थर तो हाच. फॅब्रिक कंडिशनरही तेच करतो, मऊपणासाठी धाग्याला लेप देतो आणि शोषण मारतो. तो लंगोटांना कधीच नको.

हातानं धुताना आधी वाहत्या गार पाण्यात खळबळा. मग हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात पावडर घालून अर्धा तास ठेवा, चोळा, आणि पाणी नितळ येईपर्यंत तीन-चार वेळा काढा. साधे सुती चौकोन उकळलेले चालतात. आवरणं आणि इलॅस्टिकचं काहीही उकळू नका, पिळूही नका, दाबून पाणी काढा.

वाळवताना सुती आणि बांबूच्या पट्ट्या थेट उन्हात घाला. पिवळे डाग उन्हानंच जातात, ओल्या कापडावर ऊन पडलं तर लवकर जातात. आवरणं सावलीत. ओलं वजन इलॅस्टिकवर येईल असं टांगू नका. कापड ताठ झालं तर हातांत चोळलं की मऊ होतं. आतून पूर्ण वाळल्याशिवाय घडी करू नका, जाड पट्टीच्या शिवणीपाशी ओल राहते आणि तिथून बुरशीचे काळे ठिपके सुरू होतात.

धुतलेला लंगोट कोरडा असताना छान वाटतो, पण बाळानं शू करताच डोळ्यांत झोंबणारा वास येतो? तो अमोनियाचा. याचा अर्थ मागच्या धुण्यांत मूत्र पूर्ण निघालेलं नाही. पावडर वाढवा, ढोलाचा भरणा तपासा, रात्रीचे लंगोट सकाळी लगेच पाण्याखाली धरा. आठवडाभरात वास गेला पाहिजे. ब्लीच ओतत राहू नका, त्यानं इलॅस्टिक सैल पडतं. आणि ब्लीचबरोबर व्हिनेगर किंवा दुसरं कुठलंही आम्ल कधीच मिसळू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

पुरळाबद्दल थोडक्यात. दर दोन-तीन तासांनी लंगोट बदला, शी झाली की तत्क्षणी. झिंक किंवा पेट्रोलियम जेलीचं मलम लावायचं असेल तर लंगोटावर पातळ कापड अंथरा, नाहीतर मलम कापडात मुरून शोषण बंद पाडतं. लालभडक चट्टा, जांघेच्या घड्यांत शिरलेला आणि भोवती सुटे लाल ठिपके असलेला, हे बुरशीचं लक्षण असू शकतं. डॉक्टरांना दाखवा.

पुसायचे फडके हा या सगळ्यातला सर्वांत सोपा भाग. लंगोटांबद्दल मन कचरत असेल तर सुरुवात इथूनच करा. १५ ते २० सेंटिमीटरचे पंचवीस-तीस चौकोन पुरतात. जुन्या सुती टीशर्टचे तुकडे सर्वांत स्वस्त, विणीचं कापड असल्यानं कडा उसवत नाहीत. फ्लॅनेल घेतलंत तर कड शिवावी लागेल. पंच्याच्या खरखरीत कापडानं शी चांगली निघते, म्हणून एका बाजूला तसं कापड आणि दुसऱ्या बाजूला मऊ, अशी दोन पदरी शिवण आम्हाला विशेष आवडते.

भिजवायला साधं पाणी बास. सुगंधी तेलं घालू नका, ती कातडीला झोंबतात आणि कापडावर थर धरतात. ओले करून डब्यात रचून ठेवण्यापेक्षा कोरडे ठेवा आणि वापरताना भिजवा. डब्यात ठेवायचेच तर एका दिवसापुरते ठेवा, रोज डबा धुवा. या पाण्यात टिकवणारं रसायन नसतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आंबट वास येऊ लागतो. शी पुसताना आधी लंगोटाच्या स्वच्छ भागानं जाड मळ उचला, मग दोन-तीन फडके लागतात. शू झाल्यावर एक पुरतो. पुसणं नेहमी पुढून मागे, मुलींच्या बाबतीत विशेष काळजीनं. तोंड-हात पुसायचे फडके वेगळ्या रंगाचे ठेवा आणि इतर कपड्यांबरोबर धुवा. बाकीचे लंगोटांसोबत जाऊ द्या, वेगळं काही करावं लागत नाही.

बाहेर जाताना दोन जलरोधक पिशव्या लागतात, एकीत चार ओले फडके, दुसरीत वापरलेले लंगोट. घरी आल्यावर ही पिशवी लगेच रिकामी करा.

पर्यावरणासाठी हे करत असाल तर फायदा किती, हे तुमच्या धुण्यावर ठरतं. इंग्लंड आणि वेल्सच्या पर्यावरण संस्थेनं २००८ मध्ये केलेल्या अभ्यासात असं दिसलं की ढोल भरून धुणं, ६० अंशांच्या पुढे न जाणं, दोरीवर वाळवणं आणि तेच लंगोट दुसऱ्या मुलाला वापरणं यानं कापडी लंगोटांचा हवामानावरचा भार बराच घटतो. भरपूर तापवलेलं पाणी आणि वाळवणाचं यंत्र वापरलं तर तो फायदा आटतो.

दुसऱ्या मुलासाठी ठेवताना लंगोट कंडिशनर न घालता धुवा, दोन दिवस कडक वाळवा, टिचबटणं आणि वेल्क्रो मोकळे ठेवा, इलॅस्टिक ताणलेलं नको. प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवीऐवजी सुती पिशवीत बांधा. पुन्हा काढाल तेव्हा इलॅस्टिक सैल वाटलं तर आवरण टाकू नका. बहुतेक आवरणांत ते दोन टोकांना टाकलेल्या टाक्यांवरच धरलेलं असतं. टाके उसवून नवी पट्टी आत ओढता येते.