माशीच्या अंड्यापासून गाठीपर्यंत

[सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशी, कडा हिरव्या उजळलेल्या]

कडेची ही पेशी बघा. शेजारच्या पेशींना घट्ट चिकटून बसली होती. आता तिची एक बाजू लांबतेय, पकड सुटतेय... आणि ती निघाली. तासन्‌तासांची ही हालचाल इथे काही सेकंदांत दिसतेय.

स्तनाच्या कर्करोगाच्या गाठीतून अशा पेशी रक्तात किंवा लसिकावाहिन्यांत (शरीरातला पातळ द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांत) शिरतात आणि हाडं, फुप्फुसं, यकृत, मेंदू इथे जाऊन रुजतात. या आजारात जीव जातो तो बहुतेकदा या पसरण्यामुळे.

निघण्यासाठी पेशीला नवं जनुक मिळवावंच लागतं, असं नाही. असलेल्यांपैकी कोणतं चालू, कोणतं बंद, कोणतं किती जोरात चालू, यावर तिचं वागणं फिरतं. हीच जनुक-अभिव्यक्ती. त्या हिरव्या कडा म्हणजे ई-कॅडहेरिन, पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारं प्रथिन. त्याचं जनुक मंदावलं की बांधणी सैल पडते. ते मंदावण्यात स्नेल आणि ट्विस्ट या दोन जनुकांचा हात असतो.

[फळमाशीचा भ्रूण, वेग वाढवलेलं चित्रण]

या दोघांची ओळख पटली ती इथे, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या अंड्यात. भ्रूणाच्या पोटाकडच्या पेशी आत वळतायत. खोबण पडली. आता त्या सुट्या होऊन आत पसरतील. ट्विस्ट किंवा स्नेल बिघडलं, तर ही खोबण नीट पडतच नाही. ख्रिस्तियाने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस या संशोधकांनी माश्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्या आणि बिघडलेले भ्रूण एकेक करून तपासले. त्यांचा प्रश्न होता, भ्रूण घडतो कसा? कर्करोगावर इलाज सापडावा म्हणून कुणी या माश्या पाळल्या नव्हत्या. १९९५ च्या नोबेलमध्ये दोघांचा वाटा होता.

२००४ मध्ये कर्करोग-संशोधक रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेने उंदरांमधल्या स्तनाच्या कर्करोगपेशींत ट्विस्ट दाबून टाकलं. गाठ वाढतच राहिली. फुप्फुसात उतरणाऱ्या पेशी मात्र खूप घटल्या.

[काचेची पट्टी, लाल-हिरवे ठिपके]

एकदोन नाही, हजारो जनुकं एकदम वाचायची, तर आता हे ठिपके. दिसायला रांगोळी, पण प्रत्येक ठिपका एका जनुकाचा. गाठीतला आरएनए, म्हणजे चालू जनुकांची पेशीने काढलेली प्रत, वेगळा काढायचा, त्याच्या नकलांना चमकणारा रंग लावायचा. तुलनेच्या नमुन्याला दुसरा. दोन्ही पट्टीवर सोडायचे. प्रत्येक नक्कल आपल्या जोडीच्या ठिपक्यालाच धरते. मग लेझर फिरतो. इथे लाल म्हणजे गाठीत ते जनुक जास्त चालू, हिरवा म्हणजे कमी, पिवळा म्हणजे दोन्हीकडे सारखंच.

२००२ मध्ये नेदरलँड्स कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी ७८ जणींच्या, गोठवून ठेवलेल्या गाठी अशाच वाचल्या. सगळ्या जणी ५५ वर्षांखालच्या, काखेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत आजार न पोचलेल्या. ३४ जणींमध्ये पाच वर्षांच्या आत तो दूरच्या अवयवांत पसरला होता, ४४ जणींमध्ये नाही. सुमारे २५ हजार जनुकांतून हा फरक सांगणारी ७० निवडली गेली. पसरण्याची लक्षणं मूळ गाठीतच, तीही आधीपासून उमटलेली होती, हे मोठंच होतं.

त्यातून या ७० जनुकांची तपासणी आली. ती रुग्णांमध्ये पडताळणाऱ्या मिंडॅक्ट या अभ्यासात, एरवी धोका जास्त वाटला असता पण जनुकांनी कमी सांगितला, अशा ज्या स्त्रियांनी केमोथेरपी घेतली नाही, त्यांच्यापैकी सुमारे ९५ टक्के जणी पाच वर्षांनंतरही दूरच्या प्रसारापासून मुक्त होत्या. ट्विस्टला थेट रोखणारं औषध अजून उपचारात आलेलं नाही.