सफरचंद शिजवताना गूळ केव्हा घालायचा?

मंडळी, सफरचंद शिजवायचं म्हटलं की हात आधी साखरेच्या डब्याकडे जातो. पण १०० ग्रॅम सफरचंदात सुमारे ८५ ग्रॅम पाणी आणि १० ग्रॅम साखर मुळातच असते. त्यामुळे वरून घालायचं ते बेतानंच.

ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत सांगलीच्या बाजारात सिमल्याचा, मग काश्मीरचा नवा माल येतो. त्यातलं करकरीत, किंचित आंबट फळ निवडा. उन्हाळ्यात मिळतं ते शीतगृहातलं, बरेचदा भुसभुशीत. त्याच्या फोडी धरत नाहीत. त्याचा सरळ गर करावा.

चार मध्यम सफरचंदं घ्या, साधारण ६०० ग्रॅम. बिया आणि मधला कडक भाग काढून बोटभर जाडीच्या फोडी करा. अर्धा लिटर पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून त्यात पाच मिनिटं ठेवल्या की काळ्या पडत नाहीत. घरात म्हातारी माणसं असतील तर साल काढा, पण टाकू नका. सालीत पेक्टिन असतं. स्वच्छ फडक्यात पुरचुंडी बांधून सोबत शिजवली की रस दाट होतो आणि लाल सालीचा गुलाबी रंगही उतरतो.

जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात निथळलेल्या फोडी, चार टेबलस्पून पाणी, बोटाच्या पेराएवढी दालचिनी आणि दोन टेबलस्पून बेदाणे घाला. तासगावकडचे बेदाणे असले तरी कोमट पाण्यात दोनदा धुवा. द्राक्षं वाळवण्याआधी डिपिंग ऑईलमध्ये, म्हणजे ती लवकर वाळावीत म्हणून वापरतात त्या तेलकट द्रावणात, बुडवलेली असतात. झाकण ठेवून मंद आचेवर आठ-दहा मिनिटं. ढवळू नका, पातेलं धरून हलवा. सुरीचं टोक अलगद आत गेलं की झालं. कुकरची शिट्टी मात्र नको, लगदा होतो.

आता गुळाचं. फळाच्या पेशी एकमेकींना पेक्टिननं चिकटलेल्या असतात. उष्णतेनं ते विरघळतं आणि फोड मऊ पडते. गोडी आणि आंबटपणा हे विरघळणं लांबवतात. म्हणून अखंड फोडी हव्या असतील तर एक टेबलस्पून किसलेला गूळ आणि चमचाभर लिंबाचा रस सुरुवातीलाच घाला. गर हवा असेल तर दोन्ही अगदी शेवटी, गॅस बंद करून. फोडी कडकच राहिल्या असं पुष्कळजणी सांगतात, तेव्हा बहुतेक वेळा लिंबू आधी पिळलेलं असतं. बेदाण्यांनीच गोडी पुरली तर गूळ घालूच नका.

पाणी जास्त झालं तर फोडी आटवत बसू नका. त्या बाजूला काढा, नुसता रस चमच्याला धरेपर्यंत आटवा आणि वर ओता. दालचिनी लगेच काढा, राहिली तर तुरट लागतं. दूध घालायचं असेल तर लिंबू-गूळ वगळा, नाहीतर फाटतं.

वर्षाच्या आतल्या बाळासाठी साल काढून नुसत्या पाण्यात शिजवा आणि चाळणीतून गाळा. मीठ, गूळ, मध काही नको. बेदाणेही नकोत, घशात अडकतात.