बिल्ल्यावरची पलटण

श्रोतेहो, नमस्कार. दुसऱ्या महायुद्धातला एखादा जर्मन रणगाडेवाला कुठे लढला, कुठे पडला, की घरी परतला, हे आज कसं शोधायचं, त्याबद्दल थोडं बोलू.

सुरुवात बिल्ल्यापासून. जर्मन सैनिकाच्या गळ्यात लंबगोल बिल्ला असे, मधोमध चिरा पाडलेला. दोन्ही अर्ध्यांवर मजकूर तोच: तुकडी, अनुक्रमांक, रक्तगट. माणूस मेला की खालचा अर्धा तोडून घ्यायचा, वरचा त्याच्याबरोबर पुरायचा. आणि हे नीट ऐका, कारण इथेच सगळे फसतात: बिल्ल्यावर असते ती बिल्ला देणारी तुकडी. पहिली तुकडी. शेवटची नव्हे.

मीही फसलो होतो. सातारा जिल्ह्यातल्या एका घरी खंडेनवमीला जेवायला गेलो होतो. पाटावर कोयता, विळा, नातवाचा पान्ह्यांचा संच, आणि शेजारी हळदीकुंकू लावलेला एक जर्मन बिल्ला. अख्खा, न तोडलेला! घरातले आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, इटलीच्या आघाडीवर. नातू छाती फुगवून म्हणाला, "आजोबांनी रणगाडा फोडला आणि आतल्या जर्मनाच्या गळ्यातून हा काढला." (इटलीच्याच आघाडीवर नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, १९४५ साली. आपल्या पोरांना जर्मन सेनापती रोमेल पाठ असतो, जाधव नाही. असो.)

दर वर्षी चिंच आणि राखेनं घासून घासून रक्तगटाचं अक्षर पार गेलं होतं. बायांनो, बाप्यांनो, जुन्या वस्तू घासू नका हो! पण बाकीचं लागलं: पहिली कंपनी, पान्झर रेजिमेंट ५, म्हणजे रणगाड्यांची पाचवी रेजिमेंट.

आता पंचाईत बघा. ही पाचवी रेजिमेंट बर्लिनजवळच्या व्युन्सडॉर्फची. १९४१ च्या मार्चमध्ये ती ट्रिपोलीला उतरली, आणि मे १९४३ मध्ये ट्युनिशियात आफ्रिकेतल्या जर्मन फौजेबरोबर संपली. जून १९४२ मध्ये लिबियातल्या तोब्रुकला मराठ्यांच्या दुसऱ्या पलटणीची फळी फोडून जे रणगाडे आत घुसले, ते ज्या दोन डिव्हिजनांचे, त्यांतल्या एकीची ही रेजिमेंट. पण आमचे आजोबा आफ्रिकेत कधी गेलेच नव्हते! मग हा बिल्ला इटलीत आला कसा?

मी बर्लिनला लिहिलं. तिथे २६ ऑगस्ट १९३९ ला, म्हणजे युद्ध पेटायच्या आधीच, सैनिकांची माहिती ठेवणारं कार्यालय उघडलं होतं. तुकड्या तिथे बिल्ल्यांच्या याद्या पाठवत. कोण आला, कोण गेला, कोण जखमी, सगळं. सुमारे १ कोटी ८० लाख कार्डं. २०१९ पासून हे दप्तर जर्मन संघीय अभिलेखागारात आहे. तुकड्यांच्या युद्ध-रोजनिशा मात्र फ्रायबुर्गला, आणि कबरींचा शोध कासेलच्या युद्धकबर संस्थेकडे, तो घरबसल्या संगणकावर घेता येतो. मी तिथे आधी पाहिलं होतं. त्या माणसाची कबरच नव्हती.

बर्लिनचं उत्तर आलं. बिल्ला १९३९ सालचा. हा माणूस नोव्हेंबर १९४१ मध्ये लिबियात सिदी रेझेगजवळ जखमी झाला, जर्मनीत इस्पितळात पडला, बरा झाल्यावर भरती-तळावरून दुसऱ्याच रेजिमेंटबरोबर इटलीला गेला. तुकडी बदलली, बिल्ला तोच. म्हणून म्हटलं, पहिली तुकडी, शेवटची नव्हे. आणि पुढची ओळ: १९४५ मध्ये इटलीत कैद, १९४७ मध्ये सुटका.

म्हणजे तो मेलाच नव्हता. हे त्या घरी सांगायचं कसं? दोन रविवार टाळले, तिसऱ्या रविवारी गेलो. नातवाचं तोंड उतरलं. तो म्हणाला, कागद चुकला असेल. तेवढ्यात ओसरीवरून आजी, नव्वदीच्या, तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "कैदीच होता तो. ह्यांनी सिगारेटचं पाकीट दिलं, त्यानं हे दिलं. मला लग्नाच्या वर्षीच सांगितलं होतं."

"आणि तू इतकी वर्षं बोलली नाहीस?" नातू ओरडलाच.

"मला कुणी विचारलं?" आजींनी सूप पाखडलं. "आणि तुम्ही कुंकू लावता ते बरं दिसतं."

बिल्ला अजून पाटावर असतो. फक्त आता घासत नाहीत.