पिवळ्या स्पंजाचा हेडफोन

(दृश्य: पांढऱ्या कागदावर उपडा ठेवलेला हेडफोन. मऊ ब्रशने झटकला जाणारा पिवळा भुगा.)

हा भुगा कचऱ्यात जाण्याआधी जरा नीट बघून घ्या. कधीकाळी हा स्पंज होता. दाबला की दबायचा, सोडला की फुगून पुन्हा वर यायचा. आता हात लावला तर अर्ध्याची पावडर होते आणि अर्धा बोटाला चिकटतो. त्याखालचा काळा प्लास्टिकचा सांगाडा मात्र ठणठणीत आहे.

हा सेनहायझरचा एचडी ४१४. जर्मनीत हॅनोवरजवळ वेनेबोस्टेल नावाचं गाव आहे, तिथल्या कंपनीनं १९६८ साली तो बाजारात आणला. आपल्याकडे तेव्हा परदेशी इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध होते. अशा वस्तू यायच्या त्या माणसांच्या सामानातून. कुणी जर्मनीला प्रशिक्षणाला गेलेला इंजिनिअर, कुणी बोटीवर नोकरी करणारा. पुढे घरातला टेपरेकॉर्डर बिघडतो, माळ्यावर जातो आणि त्याच्याबरोबर हेडफोनही.

माळ्यावरचे पावसाळे त्याला भोवतात. हा स्पंज पॉलियुरेथेनचा असतो. हवेतला ओलावा त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडत राहतो, उरलेलं काम प्राणवायू आणि ऊन करतात. मुंबईच्या किंवा कोकणच्या हवेत हे लवकर घडतं, पण टळत कुठेच नाही. ‘एकदाही वापरला नाही, खोक्यातच आहे’ असं सांगून विकल्या जाणाऱ्या जुन्या हेडफोनचाही स्पंज सडलेलाच निघतो. वापराचा इथे संबंध नाही, वयाचा आहे.

मग काय, नवा स्पंज कापायचा आणि बसवायचा? इतकं सोपं असतं तर ही फिल्म इथेच संपली असती.

(दृश्य: जुन्या, जाडजूड, बंद कपांच्या हेडफोनची छायाचित्रं.)

एचडी ४१४ च्या आधीचे हेडफोन कसे होते ते पाहू. जर्मनीतच ऑयगेन बायर यांच्या कंपनीनं १९३७ साली डीटी ४८ काढला. चुंबक, त्यात हलणारी तारेची गुंडाळी आणि तिला चिकटलेला पडदा, अशा रचनेच्या हेडफोनची सुरुवात तिथून मानतात. अमेरिकेत मिलवॉकी शहरात जॉन कॉस यांनी १९५८ साली एसपी/३ आणला. तो खास स्टिरिओ संगीतासाठी होता. गंमत म्हणजे कॉस प्रदर्शनात घेऊन गेले होते एक पोर्टेबल रेकॉर्ड प्लेयर. हेडफोन नुसते जोडीला होते, आणि लोकांच्या रांगा लागल्या त्या हेडफोनसमोर.

ही सगळी घराणी बंद कपांची. कानावर वाटी पालथी घालून दाबून धरावी, तसा प्रकार. बाहेरचा आवाज आत येत नाही, आतला बाहेर जात नाही. विमानात किंवा स्टुडिओत ते हवंच असतं. पण घरी आरामखुर्चीत बसून तासभर गाणं ऐकायचं तर कान गरम होतात, डोकं आवळल्यासारखं होतं आणि आवाजही डोक्याच्या आतच कोंडून राहतो.

सेनहायझरच्या माणसांनी वाटीचं बूडच काढून टाकलं. एचडी ४१४ च्या कपाची मागची बाजू जाळीची आहे. पडद्याच्या मागून निघणारा आवाज अडवायचाच नाही, जाऊ द्यायचा. हा बाजारात आलेला पहिला उघडा हेडफोन. कानाला घट्ट चिकटायची गरज उरली नाही, म्हणून जड गाद्या गेल्या, जोराची स्प्रिंग गेली. केबल सोडली तर वजन दीडशे ग्रॅमच्या आत आलं. हिशोब सरळ आहे: एक भिंत काढली आणि तिला धरून ठेवणाऱ्या चार गोष्टी आपोआप गळाल्या.

कंपनीची मुळं या विचाराला पोषकच होती. युद्ध संपलं त्याच वर्षी, १९४५ मध्ये, फ्रिट्झ सेनहायझर यांनी विद्यापीठातले सहकारी इंजिनिअर सोबत घेऊन ‘लाबोर वे’ नावाची प्रयोगशाळा काढली. पहिलं उत्पादन माइक नव्हता, हेडफोनही नव्हता. तो होता व्होल्टमीटर! मोजमापापासून सुरू झालेली मंडळी. पुढे माइक आले, १९५८ मध्ये कंपनीला सेनहायझर हे नाव मिळालं आणि दहा वर्षांनी हा हेडफोन. एक कोटीच्या वर विकला गेला, असं कंपनी सांगते.

(दृश्य: स्पंज काढलेला कप, जवळून. मध्ये ड्रायव्हरची छिद्रांची चकती.)

आता पुन्हा स्पंजाकडे. दुसऱ्या हेडफोनला कानाभोवती गोल गादी असते, मध्ये मोकळी जागा असते आणि आवाज त्या जागेतून येतो. इथे तसं नाही. इथे स्पंजाची अख्खी चकती ड्रायव्हर, म्हणजे चुंबक, गुंडाळी आणि पडदा मिळून होणारा आवाज काढणारा भाग, आणि कान यांच्या मध्ये बसते. आपण जे काही ऐकतो ते स्पंजातून गाळून आलेलं असतं. म्हणजे याला गादी म्हणणं चूक. ही चाळणी आहे. ड्रायव्हरमधून निघणारी तीव्र स्वरांची धार ती थोडी बोथट करते, आणि ड्रायव्हर कानापासून किती दूर राहील हेही तीच ठरवते. अंतर वाढलं की खर्ज पातळ होतो, कमी झालं की कानाला टोचतं.

म्हणून सोफ्याच्या गादीतला स्पंज कापून बसवला की दिसायला काम फत्ते आणि ऐकायला बट्ट्याबोळ. तो स्पंज घट्ट असतो, वरचे स्वर गिळतो. गायकाच्या शब्दातले ‘स’ आणि ‘श’ कांबळ्यातून आल्यासारखे येतात, आणि माणूस म्हणतो, ‘जुना हेडफोन, असाच असणार.’ तो असा नसतो. आपण त्याला असा केलेला असतो.

पारखायची रीत सोपी. स्पंज ओठांना लावून फुंकर मारा. हवा विनासायास पलीकडे गेली पाहिजे. छिद्रं एकमेकांना जोडलेली असलेला, मोकळ्या विणीचा स्पंजच इथे चालतो. जाडी मूळच्या चकतीइतकी. मूळ चकती भुगा झाली असेल तर निदान खाचेची खोली मोजून अंदाज घ्यायचा. त्यातल्या त्यात बरं म्हणजे, या मॉडेलचे पिवळे पॅड कंपनीनं पुढे कित्येक वर्षं सुटे विकले, आणि १९९५ साली आपल्या पन्नाशीच्या निमित्तानं हेडफोनच नव्यानं काढला. सुटे पॅड मिळाले तर दुसरं काही शोधूच नये. रंग पिवळाच हवा का? आवाजाला फरक पडत नाही. मला पडतो.

(दृश्य: टेबल. मल्टिमीटर, ब्रश, कापूस, सोल्डरिंग आयर्न.)

कामाला लागू. पहिली गोष्ट, भुगा फुंकायचा नाही आणि व्हॅक्यूम क्लीनर तर जवळही आणायचा नाही. पडदा इतका पातळ असतो की ओढ बसली की तो सुरकुततो आणि मग कायमचा फरफरतो. कप उपडा धरायचा आणि मऊ ब्रशनं हलकेच झटकायचं. टेबलावर लोखंडाचा कीस असेल तर आधी पुसून घ्या. ड्रायव्हरचं चुंबक तो कण ओढून घेतं, आणि तो पडद्यापाशी जाऊन बसला की प्रत्येक सुराबरोबर किरकिरतो. त्याच चुंबकाकडे स्क्रूड्रायव्हरही झेपावतो. नवखी मंडळी पडद्याला भोक पाडतात ती अशीच.

मग मल्टिमीटर. दोन्ही बाजूंच्या ड्रायव्हरचा रोध मोजायचा. मूळ एचडी ४१४ चा आकडा आहे २,००० ओहम. आजच्या हेडफोनवर ३२ ओहम वगैरे वाचायची सवय असलेल्याला मीटर बिघडला असं वाटेल. बिघडलेला नाही. त्या काळच्या उपकरणांना असा हेडफोन सोयीचा होता: व्होल्टेज भरपूर द्यायचं, करंट जवळजवळ काहीच नाही. त्यासाठी गुंडाळीत केसापेक्षा बारीक तारेचे असंख्य वेढे घालावे लागतात. मीटरची टोकं लावताना कानापाशी बारीक ‘टिक’ ऐकू आली तर गुंडाळी जिवंत आहे.

टिक आली नाही तर? बहुतेक वेळा तार गुंडाळीच्या आत तुटत नाही. ती बाहेर येऊन जिथे सोल्डरच्या डागाला जोडलेली असते, तिथे सुटते. भिंगाखाली पाहून, आयर्नचं टोक क्षणभरच टेकवून पुन्हा डाग देता येतो. हात थरथरत असेल तर हे काम दुसऱ्याला द्यावं, त्यात कमीपणा नाही. तार आतून तुटली असेल तर मात्र दुसऱ्या मृत हेडफोनमधला ड्रायव्हर शोधणं एवढाच उपाय.

केबल या हेडफोनला काढता येते. १९६८ मध्ये हे शहाणपण होतं, आणि आज हजारो रुपये मोजूनही ते प्रत्येक वेळी मिळत नाही. पिना काळ्या पडलेल्या असतात, त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायच्या. थिनर किंवा अ‍ॅसिटोन नको, प्लास्टिक विरघळेल. सांगाडा साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं स्वच्छ होतो. पॉलिश वगैरे करू नये. हा शोकेसमध्ये मांडायचा पुतळा नाही.

केबलच्या दुसऱ्या टोकाला काय आहे ते बघा.

(दृश्य: पाच पिनांचा जर्मन प्लग, फाशावरच्या पाचाच्या ठिपक्यांसारखी मांडणी.)

चार कोपऱ्यांत चार पिना आणि मध्ये एक. हा डिन, म्हणजे जर्मन मानक पद्धतीचा हेडफोन प्लग. यात एक चतुराई आहे. एका बाजूनं घातला की स्पीकर बंद होतात, अर्धा फेरा फिरवून घातला की स्पीकर आणि हेडफोन दोन्ही चालू. वेगळं बटण लागत नाही. दुरुस्ती करणारे पहिल्यांदा हाच प्लग कापून फेकतात आणि साडेतीन मिलिमीटरचा बसवतात. माझं मत विचाराल तर कापू नका. जुळणारं सॉकेट आणून वीतभर वायरचं अडॅप्टर बनवा. काम तेच होतं आणि कापलेलं परत जोडायची वेळ येत नाही.

दोन्ही बाजू जोडून झाल्या की एक तपासणी राहते, आणि नेमकी तीच विसरली जाते. एका ड्रायव्हरच्या तारा उलट लागल्या तर एका कानातला पडदा पुढे जातो तेव्हा दुसऱ्या कानातला मागे येतो. आवाज दोन्हीकडे येतो, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. एखादं जुनं मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज देणारं ध्वनिमुद्रण लावा. गायक बरोबर मधोमध ऐकू आला पाहिजे. तो कुठेच सापडत नसेल, डोक्याभोवती पसरल्यासारखा वाटत असेल, तर एका बाजूच्या दोन तारा अदलाबदल करा.

(दृश्य: हेडफोन पूर्ण. पिवळे पॅड बसवलेले. अ‍ॅम्प्लिफायरचा दिवा.)

मोबाइलला लावाल तर आवाज बेताचा येईल. एक व्होल्ट दिला तर ३२ ओहमच्या हेडफोनला सुमारे ३१ मिलिवॅट मिळतात, याला फक्त अर्धा मिलिवॅट. जुना अ‍ॅम्प्लिफायर जोडा, मग तो बोलायला लागतो.

आणि कसा बोलतो? खरं सांगायचं तर खर्जात हा दुबळा आहे. मागची बाजू उघडी आणि कानाशी फटी, त्यामुळे तबल्याचा बायाँ ऐकू येतो पण घुमत नाही. आजचा मध्यम किमतीचा हेडफोनही याबाबतीत याला मागे टाकेल. मात्र मधल्या पट्टीत, माणसाचा गळा जिथे राहतो तिथे, हा अजून तरुण आहे. तंबोऱ्याची जवारी, हार्मोनियमच्या भात्याचा श्वास, गायकानं समेआधी घेतलेला दम, हे सगळं कानाच्या आत नाही तर थोडं पुढे, समोर ऐकू येतं. त्याच वेळी स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टीही ऐकू येते. उघड्या हेडफोनचा हा गुण मानायचा की दोष, ते घरातल्या माणसांवर अवलंबून.

एचडी ४१४ नंतर अकरा वर्षांनी, १९७९ मध्ये, सोनीनं वॉकमन आणला तो सुमारे ५० ग्रॅमच्या, पातळ स्पंजाच्या, उघड्या हेडफोनसह. आखातातून येणाऱ्या बॅगांतून रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या घरांत पोचलेले स्पंजाचे हेडफोन याच वाटेवरचे. त्यांचेही स्पंज आज असेच झडतात आणि त्यांनाही हीच दुरुस्ती लागते, फक्त चकती लहान.

मुंबईचा चोरबाजार किंवा पुण्याचा जुना बाजार, अशा ठिकाणी एखादा एचडी ४१४ दिसला तर एवढं करा. खिशात छोटा मल्टिमीटर ठेवा आणि दोन्ही बाजू मोजा. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले तर घ्या. सडलेल्या स्पंजावरून भाव पाडायला हरकत नाही, विक्रेत्याला त्याचं मोल माहीत नसतं. एक बाजू मुकी असेल तर निम्म्या भावाच्या वर जाऊ नका. आणि केबल हेडफोनला लावलेली नसेल तर शेजारच्या वायरींच्या ढिगात हात घाला. पाच पिनांचा तो प्लग बहुतेक तिथेच सापडतो, आणि तो किलोच्या भावानं मिळतो.